मातीची पत्रिका वाचणार कोण?

घरात मूल जन्माला आले की त्याची पत्रिका मांडून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. कुणी ती श्रद्धेने जपून ठेवतो, कुणाचा ज्योतिषावर विश्वास नसतो म्हणून तो ती बाजूला सारतो. पण पत्रिका वाचावयाची असते, एवढे तरी सर्वांना ठाऊक असते. शेतजमिनीच्या पत्रिकेच्या वाट्याला मात्र इतकेही भाग्य आलेले नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मृद आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला. त्यानंतर देशभर कोट्यवधी पत्रिका छापल्या गेल्या आणि वाटल्याही गेल्या. यवतमाळ जिल्ह्यातील खेडोपाडीही त्या पोहोचल्या. आज त्या कुठे देवाच्या तसबिरीमागे, कुठे सातबारा आणि बँकेच्या पासबुकासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप आहेत. किती पत्रिका वाटल्या, याची नोंद शासनदरबारी असते. किती पत्रिकांच्या आधारे खताचे एक पोते कमी झाले किंवा बदलले, याची नोंद ठेवण्यासाठी कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. योजना चांगली आहे, तिच्यामागील दृष्टी दूरची आहे, हे मान्य करूनच हा प्रश्न विचारला पाहिजे.

यवतमाळ हा कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. बहुतांश शेती पावसावर. अशा शेतीत खर्चाचे निर्णय जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आभाळाकडे एक डोळा ठेवून, घाईत घेतले जातात. कोणते खत टाकायचे, हे बहुधा कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभे असताना ठरते. तेथे काय शिल्लक आहे, उधारीवर काय मिळते, शेजाऱ्याने काय नेले, या तीन गोष्टींवर कास्तकाराच्या वर्षाचा मोठा खर्च अवलंबून असतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो त्याचा व्यवसाय करतो. पण ज्या कागदावर आपल्या वावराची खरी गरज लिहिलेली आहे तो कागद त्या वेळी घरी पिशवीत असतो, ही मात्र आपल्या सर्वांची उणीव आहे.

माती परीक्षणाने कर्जाचा प्रश्न सुटेल, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. याच जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपविले, तेव्हापासून या जिल्ह्याच्या कपाळी जे लिहिले गेले आहे ते पुसण्यासाठी भाव, पाणी, पतपुरवठा असे बरेच काही बदलावे लागेल. पण भाव आपल्या हाती नाही आणि पाऊसही नाही. खर्चाचा काही भाग मात्र आपल्या हाती आहे, आणि तोही आपण डोळे मिटून करतो.

पत्रिकेवर बारा घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. शिवाय सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. समोर आकडे, पुढे कमी-मध्यम-जास्त असे शेरे, आणि खाली पिकानुसार शिफारस. हे सारे हेक्टरी किलोग्रॅममध्ये किंवा दशलक्ष भागांतील प्रमाणात. कास्तकार मात्र एकरात आणि पोत्यात विचार करतो. हेक्टरचा एकर आणि किलोचे पोते करण्याचे गणित सातवी-आठवीच्या मुलाला सहज जमण्यासारखे आहे, पण ते करून देणारे कुणी त्या घरात बसत नाही. म्हणून एक नमुना आपण येथे प्रत्यक्षच सोडवू. आकडे कल्पित आहेत, पण काळ्या जमिनीच्या पत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते ओळखीचे वाटतील.

समजा, कोरडवाहू कपाशीच्या एका वावराचा सामू ८.१ आहे, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, नत्र हेक्टरी १९० किलो, स्फुरद १२ किलो, पालाश ३८० किलो. गंधक दशलक्ष भागांत ८, जस्त ०.४५. राज्यात प्रचलित असलेल्या सहा पायऱ्यांच्या प्रतवारीत नत्र व स्फुरद ‘कमी’ या पायरीवर येतात आणि पालाश ‘अत्यंत जास्त’ या पायरीवर. गंधकाची किमान मर्यादा १० आणि जस्ताची ०.६ धरली जाते. म्हणजे दोन्ही उणे. नियम असा की, ‘मध्यम’ असेल तर शिफारशीइतके खत द्यावे, ‘कमी’ असेल तर पंचवीस टक्के वाढवावे, ‘अत्यंत जास्त’ असेल तर निम्मे करावे. विदर्भातील कोरडवाहू कपाशीसाठी शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी आहे. एकरी हे प्रमाण २४, १२, १२ होते. पत्रिकेप्रमाणे फेरफार केला की उत्तर येते : नत्र ३०, स्फुरद १५, पालाश ६.

आता याची पोती करू. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के असते. त्याच्या दोन पोत्यांतून १६ किलो स्फुरद मिळते आणि सोबत सुमारे ११ किलो गंधक आपसूक येते. युरियात नत्र ४६ टक्के, आणि २०१८ पासून पोते ४५ किलोचे; म्हणजे दीड पोत्यात ३१ किलो नत्र. दहा किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६ किलो पालाश. जस्तासाठी एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट, तेही दरवर्षी नव्हे, दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि स्फुरदाच्या खतात न मिसळता वेगळे.

याच्या शेजारी सर्वत्र दिसणारी रीत ठेवून पाहावी. पेरणीला एक पोते डीएपी, पुढे दोन पोती युरिया. डीएपीच्या पन्नास किलोंत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. दोन पोती युरियात ४१ किलो नत्र. एकूण नत्र ५०, स्फुरद २३, पालाश शून्य, गंधक शून्य, जस्त शून्य. नत्र गरजेपेक्षा वीस किलो जास्त, स्फुरद आठ किलो जास्त, आणि ज्या दोन गोष्टींची त्या मातीला खरी भूक आहे त्यांचा कणही नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकात सांगितलेला सिद्धान्त असा की, पिकाची वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकाने अडते. जस्तासाठी अडलेल्या पिकावर आपण युरियाचा मारा करतो आणि पीक हिरवेगार दिसले की समाधान मानतो.

हा हिरवेपणाच फसवा आहे. नत्र अधिक झाले की पऱ्हाटी माजते, पाने लुसलुशीत होतात, तुडतुडे आणि पांढरी माशी यांना आमंत्रण मिळते. मग फवारणी वाढते. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे जहाल औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्यावर गेलेली कपाशी, यंत्रणेची ढिलाई अशी अनेक कारणे होती, आणि तिचे खापर युरियावर फोडणे अन्यायाचे होईल. पण फवारणीचा पंप पाठीवर कमी वेळा यावा असे वाटत असेल, तर नत्राचा हात आवरणे हा त्यातला एक उपाय आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्याची किंमत शासनाने २६६ रुपये ५० पैशांवर धरून ठेवली आहे. २०१० मध्ये इतर खतांसाठी अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाचे धोरण आले, युरिया त्याबाहेर राहिला. स्वस्त वस्तूचा वापर वाढतोच. यात कास्तकाराच्या अज्ञानापेक्षा धोरणाचा वाटा मोठा आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आतापर्यंत जे गणित मांडले ते पत्रिकेवर पूर्ण विश्वास ठेवून. पण पत्रिका वाचणे म्हणजे तिच्या मर्यादाही वाचणे होय. योजनेच्या पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे २०१५ ते २०१९ या काळात, बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याचा नियम होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! यवतमाळच्या पठारावरून वर्धा नदीच्या किंवा पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरताना एकाच गावाच्या शिवारात काय दिसते? वर माथ्यावर मुरमाची बरड, जिथे वितीवर खडक लागतो. मध्ये उतारावर हात-दीड हात खोलीची मध्यम जमीन. खाली नाल्याकाठी पुरुषभर खोल काळी. पूर्वेकडे वणी-झरीच्या बाजूस तर खालचा खडकच वेगळा, चुनखडीचा आणि वालुकाश्माचा. अशा पंचवीस एकरांच्या चौकोनात चार-पाच जणांची वावरे असतात, आणि सर्वांच्या हाती एकच आकडा पडतो. बागायतदाराला बारीक चाळणी आणि कोरडवाहूला जाड चाळणी, हा न्याय उलटा झाला. ज्याच्याजवळ पाण्याचा आधार नाही त्याच्या चुकीला क्षमा नसते. अचूक आकड्याची गरज खरी त्यालाच. २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येक शेताचा वेगळा नमुना घेण्याचा प्रयोग झाला, तो योग्य दिशेचा होता. परंतु अनेक घरांत आजही जी पत्रिका आहे ती त्या चौकोनाची आहे, त्या वावराची नव्हे. शिवाय ती जुनी झाली आहे, हे वेगळेच.

दुसरी मर्यादा अशी की, पत्रिकेत मातीची खोली नाही. विदर्भाच्या जमिनीत नत्र ‘कमी’ येणे ही काही बातमी नव्हे. बहुतेक पत्रिकांवर तोच शेरा असतो. अनेक प्रयोगशाळांत तर नत्र स्वतंत्रपणे मोजतही नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. आता बरडीवर आणि नाल्याकाठच्या काळीवर, दोन्हीकडे नत्र ‘कमी’ आहे म्हणून दोन्हीकडे पंचवीस टक्के वाढवायचे काय? बरडीवरच्या पऱ्हाटीला ऑगस्टमधल्या उघडिपीत पाणीच पुरत नाही. तिथे वाढवलेले नत्र हे पाण्यात टाकलेले पैसे होत, आणि पाणीही नसलेल्या ठिकाणी! या लेखकाचे स्पष्ट मत असे की, वितभर खोलीच्या जमिनीत नत्र शिफारशीच्या वर नेऊच नये. ते ओल पाहून दोन-तीन हप्त्यांत द्यावे, आणि पावसाने दगा दिला तर शेवटचा हप्ता घरातच ठेवावा. माती-परीक्षणाच्या शास्त्रालाही हे अपरिचित नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६७ मध्ये सुरू केलेल्या समन्वित प्रकल्पात डॉ. बी. राममूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपेक्षित उत्पादनावर आधारलेली समीकरणे मांडली. त्यांचे सार असे की, एकरी चार क्विंटल कापसाची अपेक्षा ठेवणाऱ्याची आणि बाराची अपेक्षा ठेवणाऱ्याची खताची गरज एक असू शकत नाही. किती पिकेल याचा प्रामाणिक अंदाज आधी, खताचा हिशेब नंतर. हा अंदाज प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तो वावराच्या मालकालाच करावा लागतो, आणि तो करण्याइतके शहाणपण आपल्या कास्तकारात निश्चित आहे.

तिसरी गोष्ट मॅग्नेशियमची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पऱ्हाटीची पाने लाल पडू लागतात, ज्याला आपण लाल्या म्हणतो, त्यामागे रात्रीची थंडी आणि नत्राची ओढ यांबरोबर मॅग्नेशियमची कमतरता हे एक ठळक कारण आहे. पत्रिकेच्या बारा घटकांत मॅग्नेशियम नाही. मुक्त चुन्याचे प्रमाणही नाही, वास्तविक सामू आठच्या वर असलेल्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरदाचे काय होणार हे तो चुनाच ठरवतो. फेकून दिलेले स्फुरद तिथे चुन्याशी बांधले जाते. तेच बियाण्याच्या खाली-बाजूला दोन बोटे अंतरावर पेरून दिले तर मुळांच्या हाती लागते. किती द्यायचे हे पत्रिका सांगते, कसे द्यायचे हे तिच्या सामूच्या आकड्यातून आपण ओळखायचे. पालाशाचेही तसेच. काळ्या जमिनीत तो भरपूर असतो, हे खरे; पण पिढ्यान्पिढ्या काढत राहिलो आणि परत काही घातले नाही तर भरलेली कणगीही रिकामी होते. ‘अत्यंत जास्त’ हा शेरा तीन वर्षांनी पुन्हा तपासावयाचा शेरा आहे.

सोयाबीनबद्दल थोडक्यात. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतून नत्र घेतात, म्हणून रायझोबियमची बीजप्रक्रिया करावी आणि उभ्या सोयाबीनला युरिया देण्याची नवी खोड सोडावी. तेलबिया असल्याने गंधकाचा रकाना मात्र काळजीपूर्वक पाहावा.

आता एक गोष्ट आपल्याच मित्रांशी. गोआधारित, नैसर्गिक शेतीचा आग्रह धरणारे अनेक कार्यकर्ते या जिल्ह्यात आहेत. ज्यांच्या पद्धतीची देशभर चर्चा झाली ते सुभाष पाळेकर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलेच. रासायनिक खताच्या बेबंद वापराविरुद्ध त्यांनी जो आवाज उठवला त्याचे मोल मोठे आहे. परंतु या वर्तुळात माती परीक्षणाकडे ‘ते रासायनिकवाल्यांचे काम’ म्हणून पाहण्याची जी वृत्ती दिसते ती आपल्या हिताची नाही. भूमीला आपण माता म्हणतो. आई आजारी असताना तिची रक्ततपासणी टाळणारा मुलगा भक्त ठरत नाही. पाच टन चांगल्या शेणखतात साधारण पंचवीस किलो नत्र असते आणि त्यातला थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला मिळतो. हे गणित डोळ्यांआड करून एका वर्षात सर्व खत बंद करणारा कास्तकार उत्पन्न घटल्यावर पुन्हा युरियाकडे वळतो, आणि मग कायमचा वळतो. उलट, आपल्या पद्धतीने माती सुधारते असा विश्वास असेल तर तो सिद्ध करण्याचे साधन पत्रिकेतच आहे. सेंद्रिय कर्बाचा रकाना. ०.४८ चे तीन वर्षांनी ०.५५ झाले तर वादविवादाची गरजच उरणार नाही. नाही झाले तर पद्धतीत कुठे तरी सुधारणा हवी, हेही नम्रपणे स्वीकारता येईल.

कर्ब वाढवण्याचे साहित्य शिवारातच आहे, आणि आपण ते जाळतो. पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा धुऱ्यावर पेटवल्या जातात. जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञाने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात हिंदी शेतकऱ्याच्या कौशल्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि जळणाअभावी शेण गोवऱ्यांत जाते याबद्दल खंतही नोंदवली. पुढे अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. ती हिंदुस्थानच्या अनुभवातून घडली आणि जगाने ‘इंदूर पद्धत’ म्हणून उचलली. आज घरोघरी गॅस पोहोचला असताना गोवरीची ती सबब बरीचशी सरली आहे. पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रे उपलब्ध आहेत. गावाने मिळून एक घेतले तरी पुरे.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र, शासनाची माती परीक्षण प्रयोगशाळा, नागपूरचे राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्युरो आणि कापूस संशोधन संस्था, इतक्या संस्था हाकेच्या अंतरावर असलेले जिल्हे देशात थोडे. पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या जयंतीला, १ जुलैला, राज्यभर कृषिदिन साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात, हार-तुरे होतात. पण तोपर्यंत पेरण्या उरकत आलेल्या असतात. पत्रिकेच्या वाचनाचा हंगाम त्याच्या दोन महिने आधीचा आहे, वैशाखातल्या दुपारीचा, जेव्हा कास्तकार घरी असतो आणि दुकानात उधारीची वही अजून उघडलेली नसते.

आणि येथे ज्यांच्या घरात शेती नाही अशा आपल्या वाचकांचाही संबंध येतो. यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी येथील शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्त अधिकारी, महाविद्यालयीन तरुण यांपैकी बहुतेकांचे मूळ एखाद्या गावात आहे. वर दिलेले गणित त्यांना दहा मिनिटांत येईल. गावातल्या मंदिराच्या ओट्यावर बसून वीस पत्रिकांचे पोत्यांत रूपांतर करून द्यायला एक दुपार लागते. ज्याची पत्रिका चौकोनाची असेल त्याला नवा नमुना घ्यायला मदत करावी. वावरात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा, आतल्या कडेची माती खरवडायची. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची टाळायची. बरडीची आणि काळीची माती कधीही एकत्र करायची नाही. सारी माती घमेल्यात मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. जस्त-लोह तपासायचे असेल तर लोखंडी अवजार आणि गंजके घमेले वापरायचे नाही, प्लॅस्टिकचे घ्यायचे. आणि खताच्या रिकाम्या पोत्यावर तर माती ठेवायचीच नाही, नाही तर प्रयोगशाळा त्या पोत्याचेच परीक्षण करून पाठवते. पिशवीत कास्तकाराचे नाव, गट क्रमांक, मागचे पीक, पुढचे पीक आणि जमिनीची खोली लिहिलेली चिठ्ठी टाकावी. खोली छापील अर्जात विचारलेली नसली तरी लिहावी. तुरी निघाल्या, हरभरा घरी आला की मार्चअखेरीपासून हे काम सुरू करता येते; अहवाल हाती येऊन तो वाचण्यास मे महिना मोकळा राहिला पाहिजे.